पोराला गाडी घेताय? आधी पांदण बघा



गळिताचा हंगाम सुरू झाला आणि पहिली उचल खात्यावर पडली, की आपल्या घराघरांतून एक विषय हमखास निघतो. सोसायटीचे कर्ज वळते होऊन जे काही हाती राहते त्यात विहिरीवरची मोटर दुरुस्त करावी, घरावरची टिनं बदलावी, पोरीच्या लग्नासाठी चार पैसे बाजूला टाकावे, असा आपला हिशेब चाललेला असतो. तेवढ्यात जेवता जेवता पोरगं म्हणतं, "बाबा, औंदा गाडी घेऊन द्या."

गाडी म्हणजे मोटारसायकल. आपल्या वडिलांच्या काळी तिला फटफटी म्हणत. पण आजच्या पोरांना साधी गाडी नको असते. मोबाइलवर ती चिखलातून उसळी मारणारी, दगडगोट्यांवरून चढणारी, उंच मडगार्ड आणि खाचांचे जाड टायर असलेली गाडी बघतात, आणि तीच मागतात. तिला ती डर्ट बाईक म्हणतात. आपण मातीतली गाडी म्हणू.

या मागणीला हसण्याचे कारण नाही. नागपूर शहरातल्या पोराला ती हौस असेल. आपल्या पोराला खरोखरच मातीतून जावे लागते. रात्री पाण्याची पाळी असली की पांदणीने मोटारीपर्यंत जायचे, तोडणीच्या टोळीला निरोप द्यायचा, दुधाची कॅन डेअरीवर पोचवायची. तेव्हा गाडी घ्यायचीच असेल तर ती कोणती घ्यावी, याचा विचार चार शेतकऱ्यांनी शेतकऱ्यासारखा करावा, एवढ्यासाठी हा लेख. मी काही गाड्यांचा तज्ज्ञ नव्हे. पण मी या बाबतीत एक चूक केलेली आहे, आणि ती माझ्या पोराच्या पायाला भोवली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये.

आमच्या घरची गोष्ट

२०२३ सालचा हंगाम संपला तेव्हा माझा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. परवाना नुकताच निघाला होता. चालवण्याचा सराव म्हटला तर शेजाऱ्याच्या स्कूटरवर, तोही डांबरी रस्त्यावर. त्याने हट्ट धरला तो मोठ्या गाडीचा. आम्ही नागपूरला जाऊन एका दुकानात ती पाहिली. दुकानदाराने गाडी किती सी.सी.ची, किती वेगाने जाते, हप्ता किती बसतो, हे सगळे सांगितले. पोराचे पाय जमिनीला पुरतात का, हे त्याने विचारले नाही. आणि बाप असून मीही विचारले नाही. दोन्ही पायांचे नुसते अंगठे टेकत होते. मी म्हटले, होईल सवय.

गाडी घरी आली. माझ्या वडिलांनी, म्हणजे पोरांच्या आबाजींनी, गाडीभोवती एक चक्कर मारली. बैलबाजारात बैल बघावा तशी ती त्यांनी खालून-वरून पाहिली आणि नातवाला विचारले, "गाडी तुले उचलते का तू गाडीले?" आम्ही सगळे हसलो. आबाजी हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तुले पहिल्यांदा वखरावर उभा केला तवा कोणता बैल देल्ला होता? म्हातारा देल्ला होता ना? का गोऱ्हा देल्ला होता?"

मी उत्तर दिले नाही. मृग बरसला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोरगा सकाळी शेतावर निघाला. आमची पांदण तुम्हाला माहीत आहे, तुमच्यासारखीच आहे. ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, आणि काळी माती. चाकोरीतून गाडी बाहेर काढताना पुढचे चाक घसरले. त्याने पाय टेकवायला गेला तो खाली पाय पुरेना. अंगठा चिखलात सरकला आणि गाडी डाव्या अंगावर आली. वेग म्हणावा तर माणूस चालतो तेवढाच होता. पण पाय गाडीखाली सापडला, घोट्याचे हाड मोडले. गाडी एकट्याला उचलेना. शेजारच्या धुऱ्यावरचा गडी धावत आला म्हणून निभावले, नाहीतर तिथेच पडून राहिला असता.

दोन महिने प्लॅस्टर. त्या साली उसाला खताचा दुसरा हप्ता मलाच टाकावा लागला, आणि पोराची एक परीक्षा बुडाली. गाडी गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली आणि शेवटी पडेल किमतीला गेली. हप्ते मात्र फिटेपर्यंत भरावे लागले. गाडी वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. ती चांगलीच होती. पण पहिली गाडी म्हणून ती आमच्या पोरासाठी नव्हती.

जुन्या लोकांची गाडी

आपल्या भागात मोटारसायकल आली ती काही शहरी हौस म्हणून आली नाही. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ही मूळ पोलंडच्या बनावटीवरून बांधलेली. १९६०च्या दशकात ती निघाली आणि खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांनी, मास्तरांनी, ग्रामसेवकांनी ती उचलून धरली. म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि तिच्यामागून येझदी, मद्रासची बुलेट, या त्या काळच्या मातब्बर गाड्या. बहुतेकींत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे, किक मारून मारून पाय दुखायचा. पण दुरुस्ती गावात होत असे.

पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चित्र पालटले. चार स्ट्रोकचे लहान इंजिन, कमी पेट्रोल आणि हलके अंग. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. आज आपल्या कोणत्याही पांदणीवर उभे राहा, दहा गाड्यांतल्या बहुतेक याच जातीच्या दिसतील. शेतकऱ्याने त्या जाहिरात पाहून घेतल्या नाहीत. पडली तर उचलता येते आणि बिघडली तर गावचा मिस्त्री दुरुस्त करतो, म्हणून घेतल्या.

मातीसाठी म्हणून वेगळी गाडी आपल्याकडे फार उशिरा आली. २०११ साली हिरोने १५० सी.सी.ची इम्पल्स काढली होती. ती चालली नाही, बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. त्यानंतर हा बाजार वाढला. कावासाकीची केएलएक्स २३० ही २०२४ च्या डिसेंबरात भारतात आली. म्हणजे निवड करायला आज वाव आहे. वाव आहे म्हणूनच चुकायलाही वाव आहे.

पटाचा बैल आणि वखराचा बैल

मातीतल्या गाड्या म्हणून ज्या दिसतात त्यांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावे.

पहिला प्रकार निव्वळ शर्यतीच्या गाडीचा. तिला दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. तिची नोंदणी होत नाही, म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. गावचा रस्ताही त्यात आला. ती फक्त मातीच्या बंदिस्त धावपट्टीवर पळवायची. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तीत उड्या मारताना दिसल्या त्या या जातीच्या. आपल्या विदर्भात शंकरपट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यावर बंदी घातली होती. २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा मान्य होऊन पट पुन्हा रीतसर झाला. पटाचा बैल आपण वखराला जुंपतो का? नाही जुंपत. त्याचा खुराक वेगळा, त्याला धरणारा माणूस वेगळा. शर्यतीची गाडी हा पटाचा बैल समजावा.

दुसरा प्रकार दुहेरी कामाच्या गाडीचा. हिला नंबर मिळतो, डांबरावर चालते आणि मातीतही उतरते. वर सांगितलेल्या एक्सपल्स, हिमालयन, केएलएक्स या त्या वर्गातल्या. पण या वर्गातही दीडशे किलोची आहे आणि दोनशे किलोचीही आहे. फरक तिथेच पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे आपली रोजची १०० ते १२५ सी.सी.ची साधी गाडी. टायर झिजले की तिला मातीत धरणारे खाचांचे टायर घालून घ्यावे. टायर त्याच मापाचे असावे आणि दुकानदाराकडून खात्री करून घ्यावे. पोरे हिला नाक मुरडतात. पण पांदणीवर चालवायला शिकण्यासाठी हिच्यासारखा मास्तर नाही. आबाजींच्या भाषेत, हा म्हातारा बैल.

आधी पाय, मग वजन, मग सी.सी.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न सी.सी.चा नको. सी.सी. म्हणजे सिलिंडरच्या आतल्या जागेचे माप. त्यावरून गाडी तुमच्या पोराला झेपेल की नाही ते कळत नाही.

पहिले माप पायाचे. पोराला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे करा. दोन पायांमधे एक फळी आडवी धरून वरपर्यंत दाबा आणि जमिनीपासून फळीपर्यंत टेप लावा. आता गाडीच्या आसनाची उंची पाहा. स्प्लेंडर प्लसचे आसन ७८५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३१ इंच. एक्सपल्स २०० आली तेव्हा तिचे ८२३, म्हणजे साडेबत्तीसच्या जवळपास. केएलएक्स २३० चे ८८०, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या वर. आसनाला रुंदीही असते आणि ती पाय फाकवते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये, बसून पाहावे. नवशिक्याच्या दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले पाहिजेत. टाच जराशी उचलली तर चालेल. नुसते अंगठे टेकत असतील तर गाडी कितीही आवडो, उठून यावे. सरावलेला माणूस उंच गाडी एका पायावर सांभाळतो. पण पोराला तो सराव अजून व्हायचा आहे.

दुसरे माप वजनाचे. हे आपल्याला चटकन कळण्यासारखे आहे. डीएपीचे पोते ५० किलोचे. स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, म्हणजे सव्वादोन पोती. केएलएक्स १४० किलोच्या घरात. एक्सपल्स २०० ही १६० किलोच्या आतबाहेर, म्हणजे तीन पोती आणि वर थोडे. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली हिमालयन ४५० ही १९६ किलोची, म्हणजे जवळजवळ चार पोती. मातीत गाडी पडणार हे धरूनच चालावे. मोठमोठे स्वारही पडतात. सवाल एवढाच आहे की चिखलात उभे राहून, आसपास कोणी नसताना, चार पोती एकदम तुमच्या पोराला उचलतील का? उचलत नसतील तर ती गाडी पुढे केव्हातरी घ्यावी.

पडलेली गाडी उचलण्याचीही रीत आहे. आधी इंजिन बंद करावे. गाडी गडगडू नये म्हणून गिअरमध्ये टाकावी. मग गाडीकडे पाठ करून, आसनाला कंबर टेकवून, एक हात हॅण्डलला आणि एक मागच्या कडीला धरून पायांच्या जोराने मागे रेटत उठावे. कमरेत वाकून समोरून ओढू नये. पोती उचलणाऱ्या हमालाला हे सांगावे लागत नाही. पोरांना सांगावे लागते.

बंडीचे चाक

आता गाडीचे अंग बघू. मातीतल्या गाडीचे पुढचे चाक मोठे असते, साधारण २१ इंच, आणि मागचे १८. याचे कारण आपल्याला कोणी शिकवायला नको. बंडीचे मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, हातगाडीचे लहान चाक त्याच खड्ड्यात अडकते. चाके तारांची असावीत. दगडावर आदळल्यावर तारांचे चाक थोडे दबते आणि मिस्त्री ते पुन्हा सरळ करतो. ओतीव चाकाला तडा गेला तर नवीनच घ्यावे लागते.

दुसरे, गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे ते पाहा. साध्या गाडीत ते १६५ मिलिमीटरच्या आसपास असते, एक्सपल्स २०० मध्ये २२०. आपल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा एकदा वीत लावून मोजा, म्हणजे तुम्हाला किती लागते ते कळेल. शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आपण शॉकअप म्हणतो, तो जितका लांब खाली-वर होईल तितका धक्का कमी बसतो. पण त्यानेच आसनही उंच होते. म्हणून एक मिळवताना दुसरे सोडावे लागते, हे गणित ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि ती काळ्या मातीच्या मुलखाबाहेरच्या माणसाला सुचत नाही. मडगार्ड. आपली माती पाणी प्याली की फुगते आणि गुळाच्या चिकीसारखी चिकटते. साध्या गाडीचे मडगार्ड चाकाला लागून असते. शंभर पावले गेले की माती आत ठासून बसते आणि चाक जागच्या जागी अडते. काडीने माती कोरत रस्त्यात बसलेले लोक आपण दर पावसाळ्यात पाहतो. मातीच्या गाडीचे पुढचे मडगार्ड हातभर वर असते ते शोभेसाठी नव्हे. ज्यांची शेते भर काळ्या मातीत आणि वाट कच्ची आहे, त्यांनी ही एक सोय जरूर पाहावी. त्यातूनही खरा चिखल झाला की कोणतीच गाडी पांदणीत घालू नये. पायी जावे. पाण्याची पाळी अर्धा तास चुकेल, पाय तर मोडणार नाही.

इंजिनाचे म्हणाल तर मातीत वेग लागत नाही, सावकाश चालताना खेच लागते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न बंद पडता माणसाच्या चालीने चालते का, हे चालवून पाहावे. ब्रेकच्या बाबतीत एक सांगतो. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याने चाक जाम होत नाही, डांबरावर फार उपयोगी. पण सुट्या मातीत आणि मुरमावर त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. म्हणून मातीत अंतर राखूनच चालवावे.

हातची गाडी घेताना

पहिली गाडी नवीनच पाहिजे असे मुळीच नाही. शिकताना ती पडणार, घासणार. मग ते ओरखडे जुन्या गाडीवर पडलेले बरे. मात्र जुनी गाडी घेताना बैल घेतो तसे दात पाहून घ्यावे. सकाळी इंजिन थंड असताना जावे आणि आपल्यासमोर चालू करायला लावावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का पाहावे. साखळीच्या चक्राचे दाते टोकदार झाले असतील तर तो खर्च किमतीतून वळता करावा. चेसिसचा नंबर आरसी बुकाशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि नाव बदलण्याचे २९ व ३० नंबरचे फॉर्म घेतल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. भावाभावात, पाहुण्यापाहुण्यात "कागद मागून करू" असे म्हणतो आणि मग अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते.

कायदा आणि टोप

काही सभासदांना हे आवडणार नाही, तरी लिहितो. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, तोही पालकाच्या संमतीने. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. नववीतल्या पोराला डबा घेऊन मोटारसायकलवर शेतात पाठवणाऱ्यांनी हे नीट वाचावे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. परवाना नसताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळण्यात अडचण येते, ती वेगळीच.

हेल्मेट आयएसआय छापाचेच घ्यावे. २०२१ च्या जूनपासून बिनछापाचे हेल्मेट विकणे हाच गुन्हा आहे. पट्टा बांधलेला नसेल तर हेल्मेट घातले काय आणि हॅण्डलला टांगले काय, सारखेच. घोटा झाकणारे कातडी बूट आणि गुडघ्याचे गार्ड यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावे. माझ्या पोराच्या पायात त्या दिवशी चप्पल होती. आणि खांद्यावरचा दुपट्टा गाडीवर बसण्याआधी पोटाशी घट्ट बांधावा. साखळीत आणि चाकात तो कधी गुंततो ते कळत नाही.

शिकण्याची जागा

गाडी घेतली म्हणजे काम संपले असे नाही. पहिला महिनाभर रोज अर्धा तास सराव करावा, आणि तोही कोरड्या दिवसांत. जागा गावच्या पडीतची किंवा गहू निघालेल्या वावराची असावी. तोडलेल्या उसाच्या फडात गाडी घालू नये. एक तर बुडखे भाल्यासारखे टोकदार असतात, टायर फाडतात. दुसरे म्हणजे खोडव्याचे कोंब मोडतात. बाप टनाचा हिशेब करतो आणि पोरगं फडात गाडी फिरवतं, असे व्हायला नको.

खडबडीत जागी आसनावर बसून न राहता पायदानावर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपर सैल ठेवावे. मग धक्के पाय घेतात, कंबर घेत नाही. नजर चाकापुढच्या खड्ड्यात नको, पुढे वीस-पंचवीस पावलांवर हवी. जिकडे नजर तिकडे गाडी. सुट्या मातीत पुढचा ब्रेक हळुवार, मागच्याचा आधार जास्त. चाकोरीत शिरलो तर हॅण्डल झटका देऊन वळवू नये. वेग कमी करून, चाकोरी उथळ झाली की बाहेर निघावे. मऊ जमिनीवर गाडी उभी करताना स्टॅण्डखाली चपटा दगड किंवा विटेचा तुकडा ठेवावा, नाहीतर स्टॅण्ड रुतून गाडी आडवी होते. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर साफ करावा आणि साखळीला तेल द्यावे.

आणि हंगामातली एक गोष्ट आपल्या हातातली आहे. उसाच्या ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या रस्त्याकडेला उभ्या असतात. गाडी आपल्या पोराची, आणि ट्रॉलीही आपल्यापैकीच कोणाची. ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या लावल्याशिवाय वाहतूकदाराला ऊस भरून देऊ नये.

शेवटी

आपल्या देशाची पोरे या खेळात मागे नाहीत. सी. एस. संतोष हा २०१५ साली डाकारची शर्यत धावणारा पहिला भारतीय. केरळच्या हरिथ नोआने २०२४ च्या डाकारमध्ये रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये बाहा विश्वचषकात महिलांत पहिली आली. तेव्हा पोराला किंवा पोरीला या गोष्टीची ओढ असेल तर दाबू नये. फक्त जिन्याची पहिली पायरी सोडून तिसरीवर उडी मारू देऊ नये.

आमच्या घरी २०२४ च्या दिवाळीनंतर पुन्हा गाडी आली. या वेळी मुलीसाठी, कारण भावाचा पाय दुखतो म्हणून पाण्याची पाळी तीच सांभाळू लागली होती. हातची १०० सी.सी.ची गाडी घेतली, टायर बदलून. घेण्याआधी भिंतीला फळी लावून माप घेतले. मिस्त्रीच्या अंगणात तिने ती गाडी आडवी पाडली आणि स्वतः उचलून दाखवली. मिस्त्री हसला, पण मी पैसे तेव्हाच मोजले. आता भाऊही तीच गाडी चालवतो. मोठी गाडी घ्यायचे त्याच्या मनात अजून आहे, पण तो म्हणतो, "बाबा, एक पावसाळा हिच्यावर काढून पाहतो, मग बोलू."

आबाजींनी नवी गाडी पाहिली, चक्कर मारली. त्यांचा प्रश्न नातीने त्यांच्याआधीच विचारून टाकला, "आबाजी, मी गाडीले उचलतो. पाहून घ्या."

सभासद बंधूंनो, या हंगामात तुमच्या घरी हा विषय निघाला तर दुकानात जाण्यापूर्वी पोराला घेऊन आपली पांदण एकदा शेतापर्यंत पायी चाला. चाकोरी किती खोल, माती कशी, वळण कुठे, सगळे मोजा. पोराच्या पायाचे मापही त्याच दिवशी घ्या, आणि मग दुकानाची पायरी चढा.

— एक सभासद